प्रवाळातल्या माशांची पिल्लं ‘कुठेही’ वाढत नाहीत

प्रवाळ, म्हणजे समुद्रातल्या इवल्या जिवांनी बांधलेले चुन्याचे खडक, मरत असल्याची बातमी आली की तिच्याखाली एक युक्तिवाद हमखास येतो आणि पुढे पाठवला जातो. तो असा: मासे लाखांनी अंडी घालतात, पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जातात, खडक लागेल तिथे वाढतात. म्हणून एक जागा उजाड झाली तरी दुसरीकडून पिल्लं येतात. मासेमारी थांबवली की पुरे.

ऐकायला हे पटतं, आणि म्हणूनच ते घातक आहे. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे.

‘पिल्लं वाहत जातात.’ सुरुवातीचे काही दिवस, हो. पण खडकावर वस्तीला येण्याच्या वयाची पिल्लं दमदार पोहतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळ-रांगेतल्या लिझार्ड बेटाजवळ पकडलेली पिल्लं सेकंदाला १३.५ सेंटिमीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्यात सोडून त्यांचा दम तपासला गेला. सर्जनफिशची पिल्लं काहीही न खाता सरासरी १९४ तास पोहली. हे अंतर ९४ किलोमीटरच्या आसपास भरतं. बोटाच्या पेराएवढ्या जिवांना आपण कचऱ्यासारखे वाहणारे म्हणतो!

‘खडक लागेल तिथे.’ पिल्लं जागा शोधतात. त्यांना प्रवाळाचा आवाज ऐकू येतो: कोळंब्यांची कडकड, मोठ्या माशांचे हुंकार. लिझार्ड बेटाजवळच २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांचे २४ ढीग रचले होते. ज्या ढिगांपाशी रात्री जिवंत खडकाचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवला, तिथे जास्त पिल्लं उतरली. वासही त्यांना वाट दाखवतो. बहुतेक जाती अंधारात उतरतात, कारण खडकाच्या कडेला तोंडं वासून बसलेले खूप असतात. आणि उतरताना अनेकांना जिवंत प्रवाळच लागतं. पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरात पाहणी केलेल्या माशांपैकी सुमारे ६५ टक्के जातींची पिल्लं जिवंत प्रवाळाजवळ वस्ती करणं पसंत करतात असं दिसलं.

‘दुसरीकडून येतील.’ काही येतात, पण किती? लिझार्ड बेटावरच्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॅमसेलफिश या छोट्या माशाच्या सुमारे १ कोटी भ्रूणांच्या कानातल्या चुनखडीच्या कणावर औषधाने खूण केली होती. नंतर तपासलेल्या ५,००० पिल्लांत खूण असलेली १५ सापडली. १५ हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण खूण एकूण पैदाशीच्या थोड्याच भागावर होती. तो हिशेब धरला तर १५ ते ६० टक्के पिल्लं आपल्याच बेटावर परतली होती. पुढे किंबे उपसागरातल्याच किंबे बेटावर क्लाउनफिश आणि एका जातीच्या बटरफ्लायफिशच्या माद्यांना बेरियम या मूलद्रव्याचा विशिष्ट प्रकार टोचला. तो पिल्लांच्या कानातल्या कणात उतरतो. २००७ साली निकाल आला: दोन्ही जातींत सुमारे ६० टक्के पिल्लं तिथलीच. बटरफ्लायफिशची पिल्लं तर महिन्याहून अधिक काळ उघड्या समुद्रात काढून परतली होती. म्हणजे इथलं प्रवाळ गेलं तर इथल्या पुढच्या पिढीचा मोठा वाटा इथेच बुडतो.

‘लाखो अंडी.’ सगळ्यांची नाहीत. क्लाउनफिश समुद्रफुलाशेजारी (हा फुलासारखा दिसणारा प्राणी) खडकाला शेकड्यांनी अंडी चिकटवतो आणि नर त्यांची राखण करतो. आणि जे मासे लाखांनी अंडी सोडतात, त्यांची पिल्लं खडकापर्यंत पोहोचली तरी खरी कसोटी तिथून पुढे असते. अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केल्यावर दिसलं, की उतरल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच सरासरी ५६ टक्के पिल्लं फस्त होतात. उरतात ती बहुधा प्रवाळाच्या फांद्यांमधल्या अरुंद सांदीत शिरणारी. प्रवाळ मेलं की त्यावर शेवाळ चढतं, काही काळाने फांद्या मोडतात आणि त्या सांदीच नाहीशा होतात. तेव्हा अंड्यांचा आकडा सांगून काय उपयोग?

‘मासेमारी थांबवली की पुरे.’ मासेमारीवर मर्यादा हवीच, यात वाद नाही. पण किंबे उपसागरात प्रवाळ घटलं तेव्हा पाहणीतल्या तीन चतुर्थांशांहून अधिक जातींची संख्या घटली, आणि ती घट मासेमारी बंद असलेल्या राखीव भागातही तशीच होती. २००४ साली हे प्रसिद्ध झालं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून कागदावर आहे. तिथल्या प्रवाळावर नांगर पडतात का, पर्यटक त्यावर पाय देतात का, हे प्रश्न जाळ्यांच्या प्रश्नाइतकेच मोठे आहेत.