चोविसाव्या वर्षी कुणाचं गाणं गायचं?

केल्सी बॅलेरिनी या अमेरिकन कंट्री गायिकेचा २०१५ सालचा पहिला अल्बम मला आजही फारसा आवडत नाही. गोड आवाज, गोड चाली, गोड तक्रारी. धंद्याच्या हिशेबात मात्र तो जबरदस्त चालला. त्यातली पहिली तिन्ही गाणी बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या संगीताच्या, रेडिओच्या यादीत एकामागून एक पहिल्या नंबरावर गेली. एवढं जमून आल्यावर चाललंय ते तसंच चालू ठेव, असा सल्ला तिला कुणीही दिला असता. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिचा दुसरा अल्बम आला, 'अनअपॉलोजेटिकली'. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. बाराच्या बारा गाण्यांच्या लेखनात तिचा हात होता, आणि गाणी तिनं आयुष्यात जे जसं घडलं त्या क्रमानं लावली होती. आधी मोडलेलं नातं, मग स्वतःला गोळा करणं, मग नवं प्रेम. पहिल्याच गाण्याचं नाव 'ग्रेव्हयार्ड', म्हणजे सुरुवात थेट दफनभूमीतून.

यातलं 'मिस मी मोअर' हे गाणं मी अनेकांना ऐकवलं आहे. प्रियकराला आवडत नाही म्हणून लाल लिपस्टिक ठेवून दिली, त्याच्यापेक्षा उंच दिसू नये म्हणून टाचांचे बूट घालायचे सोडले, मैत्रिणी दुरावल्या. रडारड नाही, शिव्याशाप नाहीत, नुसती यादी. आणि मग ध्रुवपदात ती सांगते की वाटलं होतं त्याची आठवण येईल, पण आली ती स्वतःचीच. पहिल्या अल्बममधल्या मुलीला हे सुचलं नसतं. तिथे मुलगा कसा वागला हे सांगायचं होतं, इथे आपण कसे वागलो हे सांगायचं आहे. 'इन बिट्वीन'मध्ये ती अजून लहान आहे आणि मोठीही झाली आहे, त्या मधल्या वयाची घालमेल आहे. शेवटाकडची दोन-तीन प्रेमगीतं पाकात बुडवलेली आहेत, ती मी सोडून देते. 'हे कंट्री आहे की पॉप?' हा वाद अमेरिकेत त्या वेळीही झाला, पण त्यात मला रस नाही. कंट्रीतलं ठरलेलं तंतुवाद्य, बॅन्जो, किती वाजला यावरून गाणं खरं की खोटं ते ठरत नाही.

मला रस आहे तो असं गाणं लिहायला शिकवतं कोण, यात. मी नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्री संगीताच्या राजधानीत, राहते म्हणून ते थोडं जवळून दिसतं. माझा संगीताच्या धंद्याशी काही संबंध नाही, मी हॉस्पिटलांच्या बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळते. पण या गावात शाळेबाहेर मुलांची वाट बघत उभं राहिलं तरी शेजारी एखादा गाणी लिहिणारा निघतो. म्युझिक रो म्हणून भाग आहे, सोळाव्या आणि सतराव्या अ‍ॅव्हेन्यूवर. तिथल्या जुन्या बंगल्यांमध्ये पब्लिशिंग कंपन्यांची, म्हणजे गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्यांची, ऑफिसं आहेत. सकाळी दहा-अकराची वेळ ठरवून दोघं-तिघं एका खोलीत बसतात आणि दुपार कलेपर्यंत गाणं लिहून उठतात, दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट असावी तसं. खोलीत जितकी माणसं तितके गाण्याच्या कमाईचे समान वाटे, असा इथला रिवाज. कुणी पानभर लिहो नाहीतर एक ओळ सुचवो, वाटा तोच. म्हणून पन्नाशीचा मुरलेला गीतकार एकोणीस वर्षांच्या पोरीबरोबर बसायला तयार होतो. तिच्याकडे ताजं दुःख असतं, त्याच्याकडे ते तीन मिनिटांत बसवायची हातोटी. बॅलेरिनी अशाच खोल्यांमधून आली आहे. नॉक्सव्हिलकडची मुलगी, बारा वर्षांची असताना आई-वडिलांचा घटस्फोट झाला तेव्हा लिहायला लागली, आणि पंधराव्या वर्षी नॅशव्हिलला आली.

लिहून झालं की ऐकवायलाही जागा आहे. नॅशव्हिलचा ब्लूबर्ड कॅफे १९८२ पासून आहे. एका साध्या दुकानांच्या रांगेत, ड्रायक्लीनरच्या शेजारी वाटावा असा, नव्वदेक खुर्च्यांचा. टेबलांच्या मधोमध चार गीतकार एकमेकांकडे तोंड करून गिटार घेऊन बसतात आणि आळीपाळीनं आपलं गाणं म्हणतात. म्हणण्याआधी ते कसं सुचलं हे सांगतात. आवाज बरेचदा बेताचाच असतो, पण त्याचं कुणाला काही वाटत नाही. कुणी कुजबुजलं तर लगेच गप्प केलं जातं. एका गृहस्थांनी गेल्या हिवाळ्यात तिथे वडिलांच्या टूलबॉक्सवर गाणं म्हटलं. प्रत्येक पान्याचं नाव, तो कशासाठी वापरायचे, कुठला हरवला. माझ्या टेबलावरच्या एकाही अमेरिकनाला मोबाइल काढायचं सुचलं नाही, ही मला त्या संध्याकाळची मोठी गोष्ट वाटली.

आणि पैसा. याबद्दल आपल्याकडे बोललं जात नाही म्हणून बोलते. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की रॉयल्टी मिळते ती गाणं रचणाऱ्यांना आणि प्रकाशकाला. गायकाला त्यातली दमडी मिळत नाही. नुसतं गाणाऱ्यानं कार्यक्रम करत फिरावं. ज्याचं नाव लेखनात आहे त्याच्या घरी पुढची कित्येक वर्षं चेक येत राहतो. म्हणजे नॅशव्हिलची पोरं स्वतःच्या आयुष्यावर लिहितात ती सगळी धीट आहेत म्हणून लिहितात असं समजायचं कारण नाही. लिहिणं परवडतं. न लिहिणं परवडत नाही.

आता घरचा वाद. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आणि माझ्या अंदाजानं तुमच्याही, दर काही महिन्यांनी एक चर्चा उगवते: रिअ‍ॅलिटी शोमधली मुलं पुढे जातात कुठे? मग कुणीतरी २००८-०९ चा झी मराठीवरचा 'लिटिल चॅम्प्स' काढतं. कार्तिकी, आर्या, मुग्धा, रोहित, प्रथमेश. अख्खा महाराष्ट्र त्या मुलांसाठी रात्री टीव्हीसमोर बसला होता, आम्ही इथे यूट्यूबवर तुकडे तुकडे बघत होतो. मुलं होतीच तशी. आळंदीच्या कार्तिकीचा चढा, मोकळा आवाज विसरता येत नाही. तीच पाच मुलं २०२१ साली त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्चीवर बसली. विशी-पंचविशीतली मुलं! ग्रुपवर सगळ्यांनी कौतुक केलं, मीही अंगठा दाखवला, पण हिशेब डोक्यातून जाईना. ज्या वयात इथली मुलगी आपल्या दुसऱ्या अल्बममध्ये 'मी कोण' म्हणून चाचपडते आहे, त्या वयात आपण आपल्या गुणी मुलांना दुसऱ्यांना मार्क द्यायला बसवलं. चाचपडायची मुभा त्यांना कधी मिळाली?

यात मुलांचा दोष शून्य. ग्रुपवरच्या चर्चेत दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, आजची पिढी मेहनत करत नाही. दुसरं, आपल्याकडे कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा, हीच आपली परंपरा. पहिलं तर सोडाच. दुसऱ्यात तथ्य आहे, आणि त्या परंपरेनं दिलेली भावगीतं ऐकतच मी मोठी झाले. पण ती व्यवस्था ज्यांच्या जिवावर चालली, ते गीतकार ठोक रकमेवर हक्क लिहून देत आले. कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१२ साल उजाडलं. गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा जो हक्क आहे तो कंपनीला कायमचा लिहून घेता येणार नाही, हे त्यात आलं. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले. त्याआधी कुठल्या आईनं मुलीला सांगावं की रियाज एक तास कमी कर आणि लिहायला बस?

तरी लिहिणारे लिहितातच. संदीप खरे स्वतःच्या कविता स्वतः गातो आणि सलील कुलकर्णीबरोबर 'आयुष्यावर बोलू काही' २००३ पासून करतो आहे. तिकीट काढून लोक येतात. पुण्या-मुंबईची मराठी रॅप करणारी मुलं तर दुसऱ्याचं लिहिलेलं म्हणणं कमीपणाचं मानतात. म्हणजे ऐकणारा नाही, असंही नाही.

खरी अडचण माझ्या भाचीच्या निमित्तानं कळली. ती नाशिकला असते, एकोणीस वर्षांची आहे, शास्त्रीय शिकते. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तिनं स्वतः लिहिलेलं गाणं म्हटलं. आई-बाबा एकमेकांशी बोलत नाहीत आणि मीठ वाढ, पंखा बंद कर हे निरोप मुलीमार्फत जातात, असं ते गाणं. व्हिडिओ ग्रुपवर आला आणि तासाभरात तिच्या काकांनी लिहिलं, "गायलीस छान. पण घरातलं असं चव्हाट्यावर मांडायचं नसतं, बाळा." खाली सात-आठ हात जोडलेले. तिचे आई-वडील त्यावर काहीच बोलले नाहीत. रात्री तिचा फोन आला. "मावशी, चाल कशी वाटली ते कुणीच सांगितलं नाही गं."

चाल बरी होती. दुसरं कडवं सैल होतं, तिथे तिनं 'मनाच्या गाभाऱ्यात' वगैरे घातलं होतं, ते काढ म्हटलं. मीठ आणि पंखा ठेव.

काकांच्या वाक्याला ग्रुपवर कुणी संस्कृती म्हटलं. कुठली? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकता येतात. त्यात सासू आहे, सवत आहे, दारू पिणारा नवरा आहे, माहेरी न पाठवणारे आहेत. आपल्या आज्या-पणज्या पहाटे दळताना घरातलंच गात होत्या. ऐकायला शेजारणी होत्या, आणि पुरुष झोपेचं सोंग घेऊन पडलेले असणार. सगळं चाललं, कारण ते जात्यापाशी होतं. तेच छापून आलं की काय होतं ते सुनीताबाई देशपांड्यांच्या 'आहे मनोहर तरी'च्या वेळी दिसलं. पुस्तक १९९० चं. पुलंच्या बायकोनं असं लिहावं का, हा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षं दिवाणखान्यांतून चघळला गेला. लिहिलंय कसं, हे त्या मानानं कमी लोकांनी विचारलं. माझ्या भाचीचीही तक्रार तीच.

इकडचं सगळं गोजिरवाणं आहे असं मात्र कुणी समजू नये. २०१५ मध्येच कीथ हिल नावाच्या एका रेडिओ सल्लागारानं जाहीर सांगितलं होतं की कंट्री रेडिओच्या सॅलडमध्ये पुरुष गायक म्हणजे लेट्यूस, बायका टोमॅटो, आणि टोमॅटो बेतानं घालावेत. बायकांची गाणी पाठोपाठ लावू नयेत, हा या धंद्यातला जुना समज, त्यानं फक्त तोंडानं बोलून दाखवला. बॅलेरिनीचा दुसरा अल्बम त्या हवेतला आहे. नंतर २०१९ साली तिला ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या जुन्या, मानाच्या कंट्री कार्यक्रमाचं सदस्यत्व मिळालं, तेव्हाच्या सदस्यांत ती सर्वांत लहान.

स्वतःचं आयुष्य विकायला काढलं की ते पुरं विकावं लागतं, हेही तिच्याकडेच बघून कळतं. 'अनअपॉलोजेटिकली'च्या शेवटाकडचं जे सुखाचं प्रेम, त्या ऑस्ट्रेलियन गायक मॉर्गन इव्हान्सशी तिनं अल्बम आल्यावर महिन्याभरात लग्न केलं. २०२२ मध्ये घटस्फोट झाला. त्यानं त्यावर गाणं काढलं. तिनं १४ फेब्रुवारी २०२३ ला, बरोबर व्हॅलेंटाइनचा मुहूर्त धरून, 'रोलिंग अप द वेलकम मॅट' ही सहा गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढली आणि जोडीला एक लघुपट. मग कोण खरं, कोण खोटं यावर इंटरनेटवर पंचायत बसली. आपल्याकडचे काका एका ग्रुपपुरते तरी असतात. तिचे काका लाखांत आहेत आणि ते स्क्रीनशॉट जपून ठेवतात.

पण ती सहा गाणी तिच्या सगळ्या कामात उजवी आहेत, हे मला कबूल करावं लागतं. चाली उघड्याबोडक्या, वाद्यं मोजकी, आणि रिकाम्या घराचं वर्णन असं की भिंतीवरचे खिळ्यांचे डाग दिसावेत. चोविसाव्या वर्षी लिपस्टिकची यादी केली नसती तर तिशीला हे जमलं नसतं. हात बसायला मधली पाच वर्षं गेली, आणि तेवढी वर्षं तिच्यावर कुणीतरी पैसे लावत राहिलं.

भाचीला हे सगळं सांगून काय उपयोग, तिला नाशिकमध्ये म्युझिक रो कुठून आणून देऊ? पण आम्हा परदेशातल्यांचा या वादात एक हिस्सा आहे आणि तो आम्ही सोयीस्करपणे विसरतो. भारतातून गायक बोलावायला आमच्या मंडळांकडे पैसे असतात. दर दोन वर्षांनी भरणारं उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन घ्या, नाहीतर गावोगावचे गणपती आणि दिवाळी घ्या, चांगल्या तरुण गळ्यांना डॉलरमध्ये मानधन देणारे आम्हीच. आणि आम्ही त्यांच्याकडून मागतो काय? फर्माइशींची यादी आधीच ईमेलनं जाते. तिच्यातलं एकही गाणं त्या गायकाच्या जन्मानंतरचं नसतं. देश सोडला त्या दिवशी आमचं घड्याळ थांबलं आणि ते बंदच राहावं म्हणून आम्ही पंचविशीतल्या मुलांना पैसे देतो. त्यानं हळूच "माझं एक नवीन ऐकवू का?" म्हटलं की मागच्या रांगेतली माणसं बटाटेवडे संपायच्या आत उठतात. तिकडे ग्रुपवर जाऊन 'नवीन काही होत नाही' लिहिणारीही आम्हीच.

यंदा आमच्या इथल्या गणपतीच्या कार्यक्रमात कॉलेजच्या मुलांसाठी वीस मिनिटं ठेवली आहेत. त्यात कुणाचंतरी एक स्वतः लिहिलेलं मराठी गाणं असावं, व्याकरण चुकलं तरी चालेल, असं मी समितीला सुचवलं. किती मिनिटांचं, असं उत्तर आलं. तीन, म्हणून कळवलं आहे. पुढच्या बैठकीत ठरेल. तोवर भाचीनं दुसरं कडवं बदलून पाठवलंय, गाभारा गेला, त्या जागी वॉशिंग मशीन आलंय.