खुंटांचे पाणी आणि लाटांचे पाणी

२१ फुटी फायबरग्लासची बास बोट (बास मासे धरण्यासाठीची बोट) सर्व प्रकारच्या पाण्यासाठी सर्वोत्तम आहे, हा अशा बोटींवरील तुमच्या लेखातील निष्कर्ष मला पटला नाही. टेक्सासमधील लेक फोर्कमध्ये धरणाच्या पाण्यात गेलेली झाडे आजही उभी आहेत, आणि त्या खोडांमधून वाट काढताना वेल्डिंग केलेल्या अॅल्युमिनियमच्या तळाला फार तर पोचा येतो, तर फायबरग्लासवरचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत संरक्षक थर, उडाला की दुरुस्ती खर्चिक ठरते. याउलट लेक एरी हे उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांपैकी सर्वांत उथळ असल्यामुळे वारा सुटताच तेथे आखूड, उभ्या लाटा उठतात. तेथे फायबरग्लासचे वजन आणि खोल व्ही आकाराचा तळ खरोखर उपयोगी पडतो, हे मान्य केलेच पाहिजे.

दोन्हीकडे जाणाऱ्याने, माझ्या मते, १८ ते १९ फुटांची, रिव्हेटऐवजी वेल्डिंगने जोडलेली आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, स्पष्ट व्ही आकार असलेली अॅल्युमिनियमची बोट घ्यावी. मात्र लाटा वाढल्या की किनारा गाठण्याची तयारी ठेवावी. लेखात ट्रोलिंग मोटरच्या (मासे धरताना बोट हळू चालवणाऱ्या व जागेवर धरणाऱ्या, नाळेवरील छोट्या विजेच्या मोटरच्या) दांड्याच्या लांबीचा उल्लेखही नाही, याचे विशेष वाईट वाटले. दांडा आखूड असेल तर नाळ लाटेवर उचलली जाताच पंखा पाण्याबाहेर येतो आणि बोट जागेवर धरता येत नाही. २४ व्होल्टच्या मोटरसाठी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लागतात. त्यांचे वजन धरूनच बोटीवरील क्षमतेची पट्टी, म्हणजे बोट किती वजन पेलते हे सांगणारी पाटी, वाचावी.