तुझ्या घराण्याचे केस, तू बघ

माझ्या डोक्यावर केस नाहीत हे आधीच सांगून टाकतो, कारण कंडिशनर या विषयावर मी बोलायला लागलो की लोक आधी माझ्या डोक्याकडे बघतात आणि मग खिडकीबाहेर बघतात. कानांच्या वर दोन पट्टे उरलेत, बाकी मैदान. पण होते. कॉलेजात असताना चांगले भरगच्च कुरळे होते, इतके की मंगळवारी हरवलेलं पेनाचं टोपण गुरुवारी अंघोळीत सापडायचं. तिशीनंतर एकेक करून गेले, आणि कुठे गेले ते मला लेक दीड वर्षाची झाल्यावर कळलं. सगळे तिकडे शिफ्ट झाले होते.

बायकोचे केस सरळ. रबरबँड लावला तर घसरून खाली पडतो इतके सरळ. सकाळी उठली की कंगवा दोनदा वरून खाली, विषय संपला. अशा बाईच्या हातात रेवाचं डोकं आलं. तिने तीन वर्षं प्रामाणिकपणे झुंज दिली हो, मला नाव ठेवायला जागा नाही, पण एका रविवारी कंगव्याचे दोन दात लेकीच्या डोक्यात आणि उरलेला कंगवा हातात अशा अवस्थेत ती बाथरूममधून बाहेर आली आणि म्हणाली, "तुझ्या घराण्याचे केस, तू बघ."

तेव्हापासून बघतोय.

घराण्याची गादी चालवायला आई होतीच. आईची पद्धत सोपी आहे. वाटीभर खोबरेल तेल, गुडघ्यांमध्ये नातीचं डोकं, आणि कोरड्या केसांतून मुळापासून फणी. ओरडलीस तर आणखी एक धपाटा. मीही याच गुडघ्यांमध्ये वाढलोय त्यामुळे मला ते सगळं नॉर्मल वाटायचं, पण रेवा माझ्यासारखी गरीब नाही, तिने एकदा आईच्या गुडघ्याला चावा घेतला आणि आमच्या घरात केसांचा प्रश्न कायदा-सुव्यवस्थेचा झाला.

मग मी रात्री झोपायच्या आधी मोबाइलवर अभ्यास सुरू केला. माणसं शेअर बाजार शिकतात, मी भोवरे शिकलो. कळलं ते असं, की केसाचं मूळ ज्या नळीतून बाहेर येतं ती नळी सरळ असली की केस सरळ येतो, वाकडी असली की वळत येतो, आणि कुरळा केस कापून आडवा बघितला तर गोल नसतो, चपटा लंबगोल असतो. टाळूला जे तेल सुटतं ते सरळ केसावरून घसरगुंडीसारखं टोकापर्यंत जातं, कुरळ्यावर मात्र घाटातल्या एसटीसारखं वळणावळणावर अडकतं, म्हणून टोकं कायम कोरडी. म्हणजे आईचं "केसांना तेल नाही म्हणून झिंज्या झाल्यात" हे वाक्य पूर्ण चूक नाहीये. उलट २००३ मध्ये मुंबईतल्याच दोन संशोधकांनी दाखवलं की धुण्याआधी खोबरेल लावलं तर केसातलं प्रोटीन कमी जातं. हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याला संशोधन कशाला लागतं?" ते संशोधक तेलाच्या कंपनीतले होते हे मी मुद्दामच सांगितलं नाही, नाहीतर ती म्हणाली असती तेवढा पगार मला दिला असता तर.

केसांचे प्रकारही असतात. आंद्रे वॉकर म्हणून अमेरिकन टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रेचे केस करणारे गृहस्थ, त्यांनी एक ते चार नंबर आणि त्यात ए, बी, सी अशी वर्गवारी केली. एक म्हणजे सरळ, चार म्हणजे एकदम बारीक स्प्रिंग. रेवा थ्री बी. हे मी बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं तर ती म्हणाली थ्री बी मध्ये ते मेंटेनन्स थकवलेले राहतात. आणि न्यूयॉर्कला सलून चालवणाऱ्या लोरेन मॅसी नावाच्या बाई, त्यांनी २००१ मध्ये पुस्तकच लिहून जगाला सांगितलं की कुरळ्यांनो, तो फेसाळ शॅम्पू सोडा, कंगवा सोडा, बोटं वापरा. पण खरं सांगायचं तर मी हाताने जे शिकलो ते अमेरिकेतल्या काळ्या आयांचे आणि बापांचे व्हिडिओ बघून. केसांचे चार भाग करायचे, तीन भाग क्लिपने बाजूला, एकेक भाग ओला करून, कंडिशनर थापून, टोकापासून वर वर गुंता सोडवत जायचं. एक बाप तर मांडीवर मुलगी घेऊन हे करता करता फुटबॉल बघत होता. मला तो गुरुस्थानी आहे. मी मॅच लावून बघितली, विराट आउट झाला आणि माझ्या हातात जी बट होती तिला झटका बसला. त्यानंतर बाथरूममध्ये क्रिकेट बंद आहे.

सामान आणणं हा वेगळाच प्रकार. दुकानात मी बाटली उलटी करून, मोबाइलचा टॉर्च लावून, मागची मुंगीएवढी अक्षरं वाचत उभा. सल्फेट आहे का, म्हणजे शॅम्पूला फेस आणणारं रसायन, कोन ने शेवट होणारं काही आहे का, म्हणजे डायमेथिकोन वगैरे, ते सिलिकॉन, साध्या पाण्याने निघत नाही आणि थर साचतो. दुकानदार दहा मिनिटं बघत होता. शेवटी जवळ आला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "सर, आता उपयोग नाही, ट्रान्सप्लांटचं बघा, माझ्या मेव्हण्याने केलंय."

तर रविवार. सकाळी नऊला सुरुवात. आमच्याकडे घोडबंदर रोडला पाणी टँकरचं, ते जड, साबणाला फेस येत नाही तर केसाला काय येणार, म्हणून शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा, यावर बायकोशी झालेलं भांडण मी इथे सांगत नाही. रेवा स्टुलावर, मी पाटावर, गुडघ्यापर्यंत पँट वर. मी अजून पाणीसुद्धा टाकलेलं नसतं तेव्हा ती पहिली किंकाळी फोडते. "अगं मी हात पण नाही लावला!" "प्रॅक्टिस करतेय." एकदा खालचे काका वर आले होते, काही मदत हवी का विचारायला, त्यांनी दारातून ओलाचिंब मी, माझ्या हातात पसरट दातांचा कंगवा आणि मागे रडणारं पोर असं दृश्य बघितलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये ते मला नमस्कार करतात पण रेवाला चॉकलेट देतात.

धुऊन झालं की जेल. बाजारातलं जेल महाग आणि संपतं पटकन, म्हणून मी घरी जवसाचं करायला लागलो. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद गॅसवर ढवळत बसायचं, आठ-दहा मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं दाट व्हायला लागतं आणि पळीवरून तार सुटते. त्या क्षणी गॅस बंद आणि गरम असतानाच गाळायचं. गरम असतानाच, हे मी जाड टाईपमध्ये लिहिलं पाहिजे, कारण पहिल्या वेळी मी गॅस बंद केला, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, वीस मिनिटांनी परत आलो तर पातेल्यात एक अखंड थुलथुलीत गोळा. चहाच्या गाळणीत घातला, दाबला, चमच्याने ढोसला, गाळणी वाकली, गोळा हलला नाही. मग म्हटलं जवसच तर आहे, पौष्टिक आहे, आणि बियांसकट लावलं. वाळल्यावर झटकू.

नाही झटकले गेले. सोमवारी शाळेच्या डायरीत लाल पेनाने: "रेवाच्या केसांत उवा आढळल्या. कृपया तातडीने उपचार करावेत." शेजारी बसणाऱ्या मुलीच्या आईचाही फोन आला, अतिशय गोड आवाजात, जो आवाज लोक फक्त उवा आणि उधारी याच दोन विषयांना लावतात. मी शाळेत जाऊन सांगितलं की मॅडम ते जवस आहेत. मॅडमनी माझ्या डोक्याकडे बघितलं. मी पुरावा म्हणून लेकीच्या डोक्यातला एक दाणा काढून चावून दाखवला. आता मागे वळून बघता ते करायला नको होतं. आई मात्र खूष. फणी घेऊन बसलीच, आणि म्हणाली, "एवढी मोठी ऊ असती तर पोरीनेच पाळली असती."

पण आई फिरली ती याच जवसामुळे. पुढच्या रविवारी मी पातेलं ढवळत होतो, ती मागे येऊन उभी राहिली, बोट बुडवलं, अंगठ्याला लावून ओढून बघितलं आणि म्हणाली, "अरे हा तर चीक आहे." तिच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा आदर दिसला. आईने आयुष्यभर उन्हाळ्यात कुरडया घातल्यात. गव्हाचा चीक शिजवून, सोऱ्यातून, गच्चीवर. मग मला एकदम जाणवलं की आपण जे इंग्रजी नावांनी रट्टा मारतोय ते सगळं ही बाई दर एप्रिलमध्ये करते. ओल्या केसांना चीक लावायचा, तळव्यावर घेऊन खालून वर चुरगळायचं, वळ्या पडतात. मग सुती टी-शर्टात गुंडाळायचं, टॉवेल नाही, टॉवेलने केस पिंजतात. रेवाच्या डोक्याला माझ्या मॅरेथॉनच्या टी-शर्टचा फेटा. (मॅरेथॉन धावलो नाही, टी-शर्ट मिळाला होता.) आणि मग मुख्य गोष्ट, वाळेपर्यंत हात लावायचा नाही. केस ओला झाला की आतले काही हलके बंध सुटतात आणि वाळताना जसा आकार असेल तसे परत जुळतात, मध्येच हात लावला की वळी मोडली. आईला मी हे बंध वगैरे समजावत होतो तर ती म्हणाली, "वाळवणाला हात लावायचा नाही एवढंच ना?"

एवढंच. फक्त हे वाळवण सहा वर्षांचं आहे आणि त्याला खाली सायकल खेळायला जायचंय. दोन-अडीच तास. आई खुर्ची टाकून राखण करत बसते, पूर्वी कावळ्यांना हाकलायची तशीच. वाळले की केस अगदी कच्च्या कुरडईसारखे कडक होतात, टकटक वाजतात, तेव्हा घाबरायचं नाही, हातावर तेलाचे दोन थेंब घेऊन हलकेच चुरडायचं की कडकपणा मोडतो आणि खाली मऊ लोंबणाऱ्या बटा. त्या दिवशी रविवारी एक वाजता रेवा इतकी सुंदर दिसते ना, की मी फोटो काढतो. पटकन काढतो. कारण अडीचला ती गादीवर कोलांट्या मारत असते.

रात्रीसाठी सगळे केस डोक्यावर एकत्र करून सैल बांधायचे, अननसासारखे, आणि उशीला साटीनचा अभ्रा, सुती अभ्रा केस खरवडतो. बायकोचा जुना साटीनचा परकर होता, त्याचा मी अभ्रा शिवून घेतला. नाडीची जागा उसवायची राहिली. पाहुणे आले की ती उशी आम्ही कपाटात ठेवतो.

पावसाळ्याबद्दल काय बोलू. १७८३ मध्ये सोश्यूर नावाच्या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र केलं होतं, त्यात चक्क माणसाचा केस ताणून लावलेला, दमट हवेत केस लांबतो, काटा सरकतो. माझ्याकडे ते यंत्र एक लाख केसांचं आहे आणि ते बूट घालून शाळेत जातं. जूनमध्ये सकाळी लेकीचं डोकं दीडपट झालेलं दिसलं की मी न बोलता दोरीवरचे कपडे आत घेतो. शाळेला दोन वेण्या आणि रिबिनी लागतात, त्यामुळे रविवारच्या सगळ्या मेहनतीचा सोमवारी सकाळी सातला गळा आवळला जातो. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये कायदाच आला, केस नैसर्गिक जसे आहेत त्यावरून शाळेत-ऑफिसात भेदभाव करायचा नाही. ही बातमी मी मॅडमना दाखवणार होतो. पण दाणा खाल्ल्यापासून माझं वजन तिथे कमी आहे.

मेमध्ये साताऱ्याला मावसबहिणीचं लग्न होतं, रेवा करवली. कोरडी हवा, विहिरीचं गोडं पाणी, गच्चीवर ऊन. असे केस आयुष्यात परत होणार नाहीत. मांडवात बायका येऊन विचारत होत्या कुठल्या पार्लरमध्ये केले, आणि बायको माझ्याकडे बोट दाखवत होती, आणि त्या हसत होत्या. मग मंगलाष्टकं सुरू झाली.

अक्षतांचा मी विचारच केला नव्हता हो. कुंकवात भिजवलेले तांदूळ, पाच मंगलाष्टकं, तीनशे माणसं, आणि नवरीच्या बरोब्बर मागे कऱ्हा धरून उभी जवसाचा चीक लावलेली थ्री बी. माझ्या डोक्यावर पडलेल्या सगळ्या टप्पा खाऊन पुढच्या रांगेत गेल्या, हिच्या एकही खाली आली नाही. संध्याकाळपर्यंत लेक गुलाबी शिरा पसरल्यासारखी दिसत होती, आणि हात लावू देईना, "करवलीच्या असतात त्या" म्हणे.

त्यामुळे आज रविवार, ठाणे, सकाळचे साडेनऊ, चार भागांपैकी दुसरा भाग चालू आहे, आत्तापर्यंत सत्तेचाळीस निघाल्यात आणि रेवा मोठ्याने मोजतेय. आईने दारातून बजावलंय की देवाब्राह्मणांच्या अक्षता आहेत, एकही मोरीत जाता कामा नये. म्हणून मी एका हाताने कंडिशनर लावतोय आणि दुसऱ्या हाताने मोरीच्या जाळीवर गाळणी धरून बसलोय.

बाहेरून बायको विचारतेय, नवी चहाची गाळणी कुणी बघितली का.