भूत चांगलंय, पण पटत नाही

भुताची गोष्ट वाचून झाली की तिच्यावर मत द्यावं लागतं, आणि कोकणात तर यातून सुटकाच नाही. रेल्वे आली, घरोघरी मोबाइल आले, दिवे गेले की आता इन्व्हर्टर घरघरतो, तरी "काय वाचतंस?" या प्रश्नाला "भुताची" असं उत्तर दिलंत की विचारणारा पडवीत बूड टेकतो. आता तो तासभर हलत नाही. अशा वेळी तुमच्यापाशी ठाम, कडक आणि शक्यतो पुस्तक संपायच्या आधीच पक्कं झालेलं मत हवं. ते कसं बनवायचं, एवढंच सांगतो.

आधी पथ्य. आभाळ कोसळलं तरी "मी घाबरलो" म्हणू नका. भयकथेबद्दल कामाचं असं हेच एक मत, आणि नेमकं तेच द्यायचं नसतं. रात्री पाणी प्यायला उठलात तेव्हा माजघरापासून स्वयंपाकघरापर्यंतचे सगळे दिवे लावत गेलात, मागच्या दाराची कडी पुन्हा चाचपलीत, आणि आगरात माडाची झावळ पडल्याबरोबर अंथरुणात उठून बसून भीमरूपी म्हटलीत, हे तुमच्यात आणि बायकोत राहू दे. सकाळी चहा घेताना कपाकडे बघत म्हणायचं, "ठीक आहे. शेवट आधीच कळला होता."

मग नियमांकडे वळा. आपला भुतांवर विश्वास नाही हे सुरुवातीलाच सांगून टाकावं, म्हणजे भुतांचे नियम समजावून द्यायला माणूस मोकळा होतो. मुंजा पिंपळावर, गिरा पाण्यात, गावाची राखण करणारा देवचार शिवेवर. हडळीचे पाय उलटे. चकवा दिसत नाही, नुसता गोल गोल फिरवतो. लेखकाने गिऱ्याला व्हाळातून उचलून डांबरी रस्त्यावर आणलं रे आणलं की तिथेच धरा: "गिरो रस्त्यार येताच कसो?" त्या गिऱ्याने एका म्हाताऱ्याशी त्याच्या लेकीच्या लग्नाच्या शांतपणे गप्पा मारल्या आणि ते वाचताना तुमच्या अंगावर सरसरून काटा आला, हे सोडा. हद्द म्हणजे हद्द. एका सजाचा तलाठी दुसऱ्या सजातला सातबारा देईल का? देवचाराच्या हातात काठी आहे पण पायात वहाणा नाहीत? मार्क कापा. त्याला विडी नि रोट ठेवल्याचा उल्लेखच नाही? मग लेखक पुण्याचा, असं जाहीर करून मोकळे व्हा. बऱ्याचदा तो निघतोही पुण्याचाच.

याच तोंडाने "लॉजिक नाही" असंही म्हणायचं असतं. अनेकांना इथे अडखळायला होतं, पण सवयीने जमतं. रात्री गावभर फिरतो म्हणतात त्या आरवलीच्या वेतोबाला भल्यामोठ्या चामडी चपला वाहायच्या, आधी वाहिलेल्यांचे तळ झिजलेले बघून हात जोडायचे, आणि घरी येऊन मालिकेतलं दार आपसूक उघडलं म्हणून "कायच्या काय दाखवतात" म्हणत चॅनल बदलायचा. यात विसंगती काही नाही. वेतोबाला कोण पुरावा मागणार? मालिकेला मागता येतो, ती उलट काही करत नाही.

लॉजिक झालं की भाषा. हा विषय मिळाला तर भूत बिचारं कोपऱ्यात बसून जांभया देतं. मालिकेतल्या बाईने एक वाक्य बोलायचा अवकाश, देवगडच्याने म्हणावं, "ही मालवणी न्हय." कुडाळच्याने म्हणावं की देवगडात तरी खंय मालवणी बोलतत. वेंगुर्ल्याच्याने दोघांची कीव करावी, आणि रत्नागिरीचा कोणी मध्ये तोंड घालू लागला तर तिघांनी एक होऊन त्याला विचारावं, "तुमचो काय संबंध?" मच्छिंद्र कांबळींनी १९८० पासून 'वस्त्रहरण' या मालवणी नाटकाचे हजारो प्रयोग केले, लंडनपर्यंत जाऊन आले. ती मालवणी मुंबई-पुण्यालाही कळली, त्यावरूनच ती अस्सल नसणार, हा मुद्दा चर्चा थंडावली की काढायला राखून ठेवा.

बदनामीचा मुद्दा मात्र गरम असतानाच वाढावा. 'रात्रीस खेळ चाले' ही भुताची मालिका २०१६ साली सुरू झाली तेव्हा अंधश्रद्धा पसरते, कोकणाचं नाव खराब होतं, अशी ओरड झाली होती. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या एका वाड्यात. पुढे त्याच वाड्यासमोर गाड्या लागायला लागल्या, माणसं दारात उभं राहून फोटो काढायला लागली. मतांचा क्रमही हाच ठेवा. आधी बदनामी, मग पार्किंग. त्यानंतर २०१९ ला दुसरं पर्व आलं, २०२१ ला तिसरं. पर्व कुठलंही निघो, "पहिल्याची सर नाही" म्हणावं. पहिल्याला आपण काय म्हणत होतो ते कोण वहीत लिहून ठेवतो?

'तुंबाड' या चित्रपटाबद्दल बोलायचं तर जरा तयारी लागते, कारण तिथे चुकायला वाव फार. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं, आजीचा धागा नारायण धारपांच्या कथेतला, आणि तो हस्तर नावाचा देव चित्रपटासाठी रचलेला. हे सगळं माहीत असलं तरी विसरा. २०१८ साली ज्यांनी तो पाहिला त्यांतल्या एका गटाने म्हणायचं, "पेंडशांची पार वाट लावली, खोत कुठे आहेत?" दुसऱ्या गटाने म्हणायचं, "ह्या हस्तराची गोष्ट आमची आजी सांगायची." आजी हयात नसते, त्यामुळे कोणी तपासायला जात नाही. खेडजवळ जगबुडीच्या काठी खरंखुरं तुंबाड गाव आहे. तिथे प्रत्यक्ष जाऊन "सिनेमातल्यासारखं काही नाही" असं निराश होऊन परत येणं ही या मताची पुढची पायरी.

एखाद्याला शिकलेलं मत हवं असतं. त्याने म्हणावं, "मतकरी म्हणजे गूढकथा, धारप म्हणजे भयकथा." फरक कोणी विचारला तर चहा सांगावा. शिवाय धारपांनी इंग्रजीवरून घेतलं, हे सुस्कारा सोडून सांगावं. मूळ इंग्रजी वाचलेलं असायची अट नाही. आणि चि. त्र्यं. खानोलकरांचं नाव निघालं, तर आवाज खाली आणायचा: "ते वेगळं." का वेगळं? 'कोंडुरा' किंवा 'रात्र काळी, घागर काळी' वाचताना जे मानेवरून फिरतं ते धारप वाचतानाही फिरतं, पण खानोलकरांच्या बाबतीत त्याला अस्तित्वाचा प्रश्न म्हणायची पद्धत आहे. लेखक मोठा ठरला की त्याच्या भुताला बढती मिळून ते प्रतीक होतं.

मत लेखी द्यायचं असेल तर गावच्या वाचनालयाएवढी चांगली शाळा नाही. कोकणात वाचनालयं जुनी. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. पण तुम्ही लहान गावातलं एखादं घ्या, आणि त्यातलं धारपांचं एखादं बायंडिंग केलेलं, दमट वासाचं पुस्तक मागून आणा. आमच्याकडचं तर अभ्यासाला लावण्याजोगं आहे. सुरुवातीलाच समासात शिसपेन्सिलीने "बंडल". त्याखाली दुसऱ्या अक्षरात "मग वाचतोस कशाला?" त्याच्याखाली निळ्या बॉलपेनने, वळणदार अक्षरात, "ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये." पुढच्या पानांवर तिघांचंही रीतसर भांडण चालू राहतं. नायक वाड्यात शिरतो तिथे "मूर्ख आहे का हा", नायिका कंदील घेऊन निघते तिथे "बॅटरी नाही का?" आणि मग तो प्रसंग येतो. माळ्यावरचा. तिथल्या पानांवर एक अक्षर नाही. पेन्सिल नाही, बॉलपेन नाही. फक्त खालचा कोपरा अंगठ्याने मळून काळा झालाय आणि एका पानावर चहा सांडलाय. शेवटच्या पानावर मात्र पेन्सिल पुन्हा शुद्धीवर येते: "अपेक्षित."

हे एवढं जमलं की तुम्हाला दुसऱ्या कोणाच्या शिकवणीची गरज नाही.

छापील करमणुकीला निदान उत्तर देता येत नाही. दशावतारात देता येतं, म्हणून तिथे बेतानं. जत्रेतल्या दहीकाल्याला पुढच्या रांगेत चटई टाकून बसावं. संकासुर येऊन गेला, आख्यान रंगलं, पोरं झोपली, की पहाटे तीनच्या सुमाराला मोठ्याने म्हणावं, "राजा सारखो त्याच बाकड्यार बसता." बाकडं एकच असतं. तेच सिंहासन, तेच डोंगर, तेच शेज. संहिता लिहिलेली नसल्यामुळे राजा रंगात असला तर तुमच्याकडे बघून प्रधानाला विचारतो, "प्रधानजी, या नगरीत एक माणूस फुकटात बसून आमचं सिंहासन मोजतो आहे, त्याला कोणती शिक्षा द्यावी?" मृदंगवाला थाप देतो, अख्खी जत्रा हसते. पुढच्या वर्षी मागे बसावं.

शेवटचा सल्ला गावातल्या लेखकाबद्दल. तुमच्याच वाडीतल्या कोणी दिवाळी अंकात भुताची गोष्ट लिहिली, तर नियम, लॉजिक, भाषा हे काही काढू नका. अंक त्याच्याकडूनच मागून आणा आणि भुतांची नावं, विहिरी, आंब्याची झाडं बोट ठेवून तपासा. त्यांत तुमच्या घराण्यातलं कोणी सापडलं, तर ती घराण्याची बेअब्रू. चार माणसं घेऊन जाब विचारायला जा. आणि कोणीच सापडलं नाही तर एकटेच जा, खळ्यात उभे राहून विचारा, "आमच्या आज्याचो समंध अख्ख्या पंचक्रोशीत नावाजलेलो, आणि तुका त्या कदमांचोच बरो गावलो?"