चादरीपलीकडचं सोलापूर कुणी छापणार का?

सोलापूरवर फोटोंचं पुस्तक निघालं की आत काय असणार, हे न उघडता सांगता येतं. सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, नंदीध्वजांची मिरवणूक आणि शेवटी घडी घातलेल्या चादरी. फोटो देखणे असतात, वाद नाही. पण इथली माणसं एकमेकांशी कशी वागतात, हे त्यात शोधून सापडत नाही.

फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँक मूळचा स्वित्झर्लंडचा. १९५५-५६ मध्ये गाडी काढून अमेरिका पालथी घातली, हजारो फोटो काढले आणि ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात ठेवले फक्त ८३. त्यातला न्यू ऑर्लिन्सच्या ट्रामचा फोटो बघा. खिडक्यांची एक रांग. पुढच्या बाजूला गोरे, मागे काळे. अख्खी उतरंड एका चौकटीत! १९५९ मध्ये पुस्तक अमेरिकेत आलं, तेव्हा देशाची बदनामी केली म्हणून टीकाकार तुटून पडले. (हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना?)

आपल्याकडे असा फोटो कुठे मिळेल? माझ्या मते सोलापूरच्या पूर्वभागात, बिडी कारखान्याच्या एखाद्या शाखेत. घरी वळलेल्या बिड्या घेऊन बायका रांगेत उभ्या. समोर तपासणारा. तो बिड्यांचा कट्टा, म्हणजे जुडी, उचलतो, बोटांनी चाळवतो आणि काही बिड्या बाजूला फेकतो. छाट! पान तिनं भिजवलं, कात्रीनं कापलं, जर्दा भरला, दोरा बांधला. पण छाटीचे पैसे नाहीत. तिची नजर त्याच्या बोटांवर, त्याची बिडीवर. तिच्या तोंडाकडे तो बघतही नाही.

पण कृपा करून रडके फोटो नकोत. सुरकुत्या, कृष्णधवल, प्रदर्शन, बक्षीस हा धंदा पुष्कळ झाला. जर्मनीच्या ऑगस्ट झांडरनं १९२९ च्या पुस्तकात ६० फोटो दिले. शेतकरी असो, कारखानदार असो की बेकार, प्रत्येकाला तोच मान. नाझींनी १९३६ मध्ये त्या पुस्तकाच्या छपाईच्या प्लेटा नष्ट केल्या. त्यांच्या डोक्यातल्या जर्मनीत ही सगळी माणसं मावत नव्हती.

आणखी एक. फोटोंखालच्या ओळी नुसत्या मराठीत नकोत. मागावर तेलुगू चालतं, बाजारात कन्नड कानावर पडतं, शेजारी दखनी उर्दू बोलतात. रागावायचं तर रागवा.

पुस्तक महाग होणार, हे उघड आहे. मग निदान काही प्रती हिराचंद नेमचंद वाचनालयात आणि पूर्वभागातल्या शाळांत ठेवा. काचेच्या कपाटात नाही, टेबलावर. पानांना हळद-तेलाचे डाग पडले तरी चालतील.