कांदे आणायला परदेशात

जर्मनीत शिकायला गेलेल्या मुलांचे फोटो पाहिले, की वाटतं ही मंडळी दिवसभर कुठल्या तरी किल्ल्यापुढे जॅकेट घालून उभी असतात. मी आखेनला आल्यापासून बघतेय, आमचा निम्मा वेळ कचऱ्यापुढे उभं राहण्यात जातो.

साधा दह्याचा डबा घ्या. दही संपलं, डबा टाकला, विषय संपला, असं आपल्याकडे असतं. माझ्या जर्मन फ्लॅटमेटने तो माझ्या हातातून काढून घेतला, वरची चंदेरी चकती पुरती सोलली, भोवतीचा पुठ्ठा नखाने उकलला आणि तिन्ही वस्तू ओट्यावर ओळीने मांडल्या. पुठ्ठा कागदांत. चकती आणि डबा पिवळ्या पिशवीत, पण एकमेकांत न खुपसता. काचेच्या बाटल्यांना तर घरात थाराच नाही. त्या रस्त्यावरच्या मोठ्या टाक्यांत टाकायच्या. पांढरी, तपकिरी, हिरवी अशा रंगवारीने.

"आणि निळी असेल तर?" मी आपलं गमतीने विचारलं.

"हिरव्यात," ती ताबडतोब म्हणाली. गंमत वाया गेली.

हे सगळं रविवारी मात्र करायचं नाही. काच फुटली की आवाज होतो आणि रविवारी शांतता पाळायची असते.

कागदपत्रांची तऱ्हा याहून वेगळी नाही. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा, असा इथला कायदा. त्यासाठी अपॉइंटमेंट हवी, आणि ती मिळते पुढच्या महिन्यातली. घरमालकाच्या सहीचा कागद वेगळाच. नोंदणी एकदाची झाली तेव्हा मी मोठ्या हौसेने टपालपेटीवर नाव चिकटवलं. माझ्या नावाचं पहिलं पत्र आलं ते रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं! घरटी महिना 18.36 युरो. घरात ना टीव्ही, ना रेडिओ, तरी द्यायचेच. गणपतीची वर्गणी मागायला येणारी पोरं निदान दारात उभी राहतात, त्यांच्याशी घासाघीस तरी करता येते. या पत्राशी काय बोलणार, आणि तेही जर्मनमधून?

बाबांना इथल्या मार्कांचं गणित अजून पचलेलं नाही. इथे 1.0 म्हणजे सर्वोत्तम आणि 4.0 म्हणजे काठावर पास. मी उड्या मारत सांगितलं, "बाबा, 1.3 मिळाले!" पलीकडे बराच वेळ शांतता. मग जपून आवाज आला, "असू दे. तब्येत सांभाळ."

पण खरी परीक्षा रविवारीच. पोह्यांची तयारी करावी, टोपली उघडावी आणि आत एकच कांदा असावा, तोही हातभर कोंब फुटलेला. रविवारी इथली सुपरमार्केटं बंद. बेकरी काही तास उघडी असते, म्हणजे केक मिळेल, कांदा नाही. आखेनकरांचं नशीब एवढंच, की शहर नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या सीमेला टेकलेलं आहे. बसने थोडं गेलं की फाल्स नावाचं डच गाव लागतं आणि तिथलं सुपरमार्केट रविवारीही उघडं असतं. त्यामुळे रविवारच्या बसमध्ये रिकाम्या पिशव्या घेतलेले विद्यार्थी खच्चून भरलेले. मी पासपोर्टही बरोबर घेते. कांद्यापायी कायदा कशाला मोडा!

फाल्सजवळच्या टेकडीवर तिन्ही देशांच्या सीमा मिळतात. उंची सुमारे 322 मीटर, आणि युरोपातल्या नेदरलँड्सचं हे सर्वांत उंच ठिकाण. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, म्हणजे आमच्या सोसायटीचं पार्किंगसुद्धा या शिखरापेक्षा उंच. हे मी एका डच आजोबांना सांगितलं नाही. ते धापा टाकत, फार आनंदाने वर चढत होते.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल.

"कुठेयस गं?"

"नेदरलँड्समध्ये."

"अगं, परवा तर जर्मनीत होतीस! कशाला गेलीस?"

"कांदे आणायला."

आई क्षणभर गप्प. मग तिने पहिला प्रश्न विचारला तो कांद्याच्या भावाचा. मी किलोचा आकडा रुपयांत सांगितल्यावर ती म्हणाली, "मग अर्धाच घाल पोह्यांत."

संध्याकाळपर्यंत ही बातमी कांदे वगळून नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचली होती. "आमची लेक वीकेंडला नेदरलँड्सला!" असं बाबांनी टाकलं, खाली माझा टेकडीवरचा फोटो. अंगठे आले, गुलाब आले आणि नागपूरच्या काकूंचा खास माझ्यासाठी मेसेज आला : "फिरणं छानच गं, पण 1.3 मिळालेत म्हणे?"