लिव्हिया कोणी विसरलं नव्हतं

पिरेनीज पर्वतातल्या लिव्हिया गावाची ती पोस्ट वर्षातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन आदळतेच. गोष्ट अशी: १६५९ साली फ्रान्स आणि स्पेनचा तह झाला, डोंगराची नैसर्गिक सीमा ठरली आणि तिच्या उत्तरेकडची सगळी ‘गावं’ फ्रान्सला गेली. लिव्हिया मात्र कागदोपत्री ‘शहर’ होतं, हे कारकुनाच्या ध्यानातच आलं नाही. म्हणून आजही ते चारही बाजूंनी फ्रान्सने वेढलेलं, पण स्पेनचं. गोष्ट चटकदार आहे. खरं आहे ते फक्त शेवटचं वाक्य.

आधी त्या बिचाऱ्या कारकुनाची सुटका करू. १६५९ च्या तहात सर्दान्यातल्या, म्हणजे लिव्हिया ज्या खोऱ्यात आहे तिथल्या, गावांची यादीच नव्हती. रुसियॉन आणि कोंफ्लां हे शेजारचे मुलूख फ्रान्सला, सर्दान्या ही जुनी काउंटी स्पेनला, पण तिच्यातली जी ठिकाणं पर्वताच्या फ्रेंच अंगाला पडतील ती फ्रान्सची, अशी एक मोघम मेख त्यात मारून ठेवलेली. त्या मेखेवरून पुढचे काही महिने घासाघीस चालली. शेवटी सर्दान्यातली ३३ गावं फ्रान्सला द्यायची ठरली. कुठली ३३, हे ठरवायला ओरांजचे बिशप सेरोनी फ्रान्सकडून आणि मिकेल साल्बा स्पेनकडून बसले, आणि १२ नोव्हेंबर १६६० ला सह्या झाल्या. कुठे? लिव्हियातच. ज्या गावात बसून करार लिहिला, तेच गाव लिहिणारे विसरले म्हणायचं!

‘गाव’ की ‘शहर’ हा मुद्दा निघाला होता, हे खरं. आपल्या जुन्या दप्तरांत कसबा वेगळा आणि मौजे वेगळं, तसाच तिथे ‘व्हिला’चा, म्हणजे शहराचा दर्जा मिळालेल्या ठिकाणाचा, मान वेगळा. लिव्हिया व्हिला आहे, ते ३३ गावांत मोजता येणार नाही, असा स्पेनचा दावा होता आणि तो फ्रेंचांच्या तोंडावर मांडलेला होता. फ्रेंचांनी तो मान्य केला, पण एक अट घालून: लिव्हियाला तटबंदी कधीच करायची नाही. तिथला किल्ला फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या काळात, १४७९ मध्येच पाडला होता. तो पुन्हा उभा राहायला नको होता. विसरलेल्या गावाला कोणी अटी घालत नाही.

आता ती ‘नैसर्गिक सीमा’. हे पाण्यालाच विचारावं. सेग्रे नदी आजच्या फ्रान्समध्ये उगम पावते, सायागूजवरून लिव्हियात येते, पुन्हा फ्रान्समध्ये शिरते आणि बूर्ग-मादामवरून स्पेनमध्ये उतरून शेवटी एब्रोला मिळते. म्हणजे सर्दान्याचं खोरं उताराने स्पेनचं. पाणी जिथे दुभंगतं ती खिंड, कोल द ला पेर्श, सीमेच्या बरीच आत, फ्रान्समध्ये आहे. पाणलोट धरून रेघ मारली असती तर ती ३३ गावंही स्पेनकडेच राहिली असती. फ्रान्सला हवा होता रुसियॉनकडून सर्दान्यातल्याच कारोल खोऱ्यापर्यंतचा रस्ता. डोंगराचं नाव पुढे केलं इतकंच.

काही पोस्टींत ‘काउंटीची प्राचीन राजधानी म्हणून स्पेनने हट्ट धरला’ अशी पुरवणी असते. लिव्हिया रोमन काळापासूनचं, यात वाद नाही. पण पुढे काउंटांचं ठाणं इक्सला हललं होतं. १११७ मध्ये त्यांचा वंश खुंटून मुलूख बार्सिलोनाच्या काउंटाकडे गेला आणि ११७८ मध्ये वसवलेलं पुचसर्दा मुख्य ठिकाण झालं. ते इक्स आज बूर्ग-मादाममध्ये, म्हणजे फ्रान्समध्ये आहे. त्याच्यासाठी कोणी हट्ट धरलेला दिसत नाही.

आणि ‘एका रात्रीत लोक फ्रेंच झाले’ असंही कोणी सांगतं, ते तर सोडूनच द्या. सीमेचे क्रमांक घातलेले दगड बसले ते १८६८ च्या सुमारास, म्हणजे दोनशे वर्षांनी. शेतं दोन्हीकडे, सोयरिकी दोन्हीकडे, बोली कातालानच.

लिव्हिया ते स्पेनमधलं पुचसर्दा हा फ्रान्समधून जाणारा रस्ता मात्र १६६० पासून ये-जा करायला मोकळा, आणि खरी भांडणं त्याच्यावर झाली. विसाव्या शतकात फ्रान्सने त्याच्यावर ‘थांबा’च्या पाट्या लावल्या. आमच्या मोकळ्या वाटेवर आम्हीच का थांबायचं, म्हणून लिव्हियाकर त्या उपटून टाकत. शेवटी एका चौकात पूल बांधावा लागला.